अंपायरशी कोणी बोलायचे? अमेरिकेतील हायस्कूल सॉफ्टबॉलच्या मराठी असिस्टंट कोचना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघांबरोबर असिस्टंट कोच म्हणून मैदानात उतरणाऱ्या सर्व मराठी मंडळींना मी हे पत्र लिहीत आहे. आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच मुलीच्या निमित्ताने या कामात ओढले गेले आहेत. आधी सरावाला सोडायला जायचे, मग थांबून चेंडू गोळा करायचे, मग कोणीतरी विचारते की तुम्ही भारतात खेळत होता ना. आणि शाळेने सांगितलेले प्रशिक्षण व तपासणी पूर्ण करून पुढच्या मार्चच्या थंडीत आपण शाळेची टोपी घालून फर्स्ट बेसजवळच्या कोचच्या चौकोनात उभे असतो. खेळ आपल्याला येतो. नियमांचे पुस्तकही आपण वाचून काढतो. मात्र अंपायरशी कधी बोलायचे, काय बोलायचे आणि कधी एक शब्दही न काढता हेड कोचकडे पाहायचे, हे आपल्याला कोणी बसवून शिकवत नाही, आणि ते न कळल्यामुळे होणारे नुकसान मी स्वतःच्या हातून झालेले पाहिले आहे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगते. असिस्टंट कोचने अंपायरशी आपल्याला नेमून दिलेल्या कामापुरते मोकळेपणाने बोलावे. दिलेल्या निकालाविषयी संघाच्या वतीने फक्त हेड कोचने बोलावे. मुलींच्या जिवाचा किंवा दुखापतीचा प्रश्न असेल तेथे मात्र कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये. हे वाचायला सोपे आहे, आणि म्हणूनच आपण ते गृहीत धरतो. प्रत्यक्ष मैदानावर, मुलगी बेसवर आपटून पडलेली असताना, ते पाळणे फार कठीण जाते.

मी अमरावतीला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायला लागले. महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ असल्यामुळे आपल्यातल्या अनेकांची ओळख त्याच्याशी तिथेच झाली असणार. आमच्या सामन्यांत निकाल पटला नाही की कॅप्टन, सर आणि राखीव खेळाडू असे सगळे मिळून अंपायरभोवती कडे करायचे, आणि त्यात कोणालाच काही गैर वाटत नसे. आपला खेळाडू बाद नव्हता हे तळमळीने सांगणे हे संघावरच्या निष्ठेचे लक्षण मानले जाई. तीच सवय घेऊन मी शिकागोच्या उपनगरात आले. ज्या शहरात १८८७ साली जॉर्ज हॅनकॉक यांनी फॅरागट बोट क्लबच्या बंद सभागृहात या खेळाची सुरुवात केली, त्याच शहराच्या आसपास माझी मुलगी तो खेळते याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानाच्या भरात मी काय केले ते आता सांगते.

एप्रिलमधला सामना होता, दुसरी इनिंग. आमच्या मुलीने उजव्या बाजूला सुरेख फटका मारला आणि फर्स्ट बेसला वळसा घालून ती सेकंडकडे निघाली. समोरच्या संघाची फर्स्ट बेसवरची खेळाडू हातात चेंडू नसताना तिच्या वाटेत उभी होती. दोघींची टक्कर झाली, आमची मुलगी एका हातावर पडली, उठली आणि परत बेसवर आली. मी चौकोनातूनच मोठ्याने "ऑब्स्ट्रक्शन!", म्हणजे अडथळा, असे ओरडले आणि ओरडत ओरडतच बाहेर पडून अंपायरच्या दिशेने आठदहा पावले चालत गेले. त्या क्षणी मला फक्त पडलेली मुलगी दिसत होती. मैदानाच्या आत धावत आलेल्या बेस अंपायरने आपला डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला होता आणि मूठ वळली होती, हे मला दिसलेच नाही. ती खूण पाहण्याची सवय असलेल्या माणसाला लगेच कळते की अडथळा अंपायरने टिपलेला आहे, चेंडू अजून खेळात आहे आणि खेळ थांबल्यावर तो आपला निकाल देणार आहे. म्हणजे मी जे ओरडून सांगत होते ते त्याने माझ्या आधीच पाहिले होते.

धावपळ संपल्यावर त्याने टाइम दिला, म्हणजे खेळ थांबल्याचे जाहीर केले, आणि अडथळा झाला हे मान्य करून मुलीला फर्स्ट बेसवरच ठेवले, कारण टक्कर झाली नसती तरी ती सेकंडला पोहोचली नसती असे त्याचे मत पडले. नियम असाच आहे: अडथळा झालेल्या धावपटूला तो नसता तर मिळाला असता तो बेस द्यायचा, आणि तो कोणता हे अंपायरने स्वतःच्या नजरेने ठरवायचे. मी मात्र थांबले नाही. ती नक्की पोहोचली असती, असे मी दोनदा, आणि दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने, सांगितले. एक बारीकशी गोष्ट इथे नोंदवते, कारण ती आपल्या सर्वांना लागू आहे. चिडल्यावर आपले इंग्रजी जलद होते, उच्चार मराठी वळणावर जातात आणि समोरच्याला शब्द कळण्याआधी आवाजाची पट्टी कळते. अंपायरने मला उत्तर दिले नाही. तो मैदान ओलांडून थर्ड बेसजवळ उभ्या असलेल्या आमच्या हेड कोचकडे गेला आणि त्याने तिला शांतपणे ताकीद दिली की तुमच्या बाजूने निकालावर आणखी कोणी वाद घातला तर पुढची पायरी गाठली जाईल. चूक माझी होती आणि ताकीद तिला मिळाली.

खरे नुकसान सहाव्या इनिंगमध्ये झाले. धावसंख्या ४-४ होती, आमचे दोन गडी बाद होते आणि फर्स्ट बेसवर आमची सर्वांत चपळ मुलगी होती. चेंडू पिचरच्या हातातून सुटताच ती निघाली. बॅटरने थर्ड बेसच्या बाजूला हळू सरपटणारा फटका मारला, थर्ड बेसवरची खेळाडू पुढे धावली, चेंडू तिच्या हातमोज्यातून एकदा निसटला, तिने तो पुन्हा उचलून घाईने फर्स्टकडे फेकला आणि तो थ्रो सगळ्यांच्या डोक्यावरून माझ्या मागच्या डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत, गेला. चेंडू खेळाबाहेर गेला की सॉफ्टबॉलमध्ये धावपटूंना दोन बेस मिळतात आणि ते थ्रो हातातून सुटला त्या क्षणी धावपटू जिथे असेल तिथून मोजतात. आमची धावपटू तोपर्यंत सेकंड ओलांडून पुढे गेली होती. तिला घरचा बेस, म्हणजे धाव, मिळायला हवी होती. प्लेट अंपायरने, म्हणजे घरच्या बेसमागे उभ्या असणाऱ्या अंपायरने, तिला थर्डवर आणि बॅटरला सेकंडवर पाठवले.

ही चूक कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे. अनेक अंपायर बेसबॉल आणि सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ सांभाळतात. बेसबॉलमध्ये इनफिल्डरच्या, म्हणजे बेसच्या आसपासच्या क्षेत्ररक्षकाच्या, पहिल्याच थ्रोवर चेंडू बाहेर गेला, तर सर्वसाधारणपणे दोन बेस पिच, म्हणजे पिचरने बॅटरकडे चेंडू, टाकला त्या क्षणापासून मोजतात. पिचच्या वेळी आमची मुलगी फर्स्टवर होती, म्हणून बेसबॉलच्या हिशेबाने तिला थर्डच मिळाला असता. अंपायरने पाहण्यात काही चूक केली नव्हती. त्याने मोजायला सुरुवात चुकीच्या ठिकाणापासून केली होती. म्हणजे हा नियम लावण्याचा प्रश्न होता आणि तो विचारण्याचा अधिकार आमच्या संघाला पुढचा चेंडू टाकला जाईपर्यंत होता.

हेड कोचला शंका आली. तिने माझ्याकडे पाहिले. थ्रो सुटला तेव्हा धावपटू सेकंडच्या पुढे होती हे मला स्वच्छ दिसले होते, पण दुसऱ्या इनिंगमधल्या प्रकारानंतर मी ठरवून टाकले होते की आज आपण तोंड उघडायचे नाही, आणि हेड कोचलाही वाटत होते की आपल्या खात्यावर एक ताकीद जमा असताना पुन्हा टाइम मागून अंपायरपुढे जाणे योग्य दिसणार नाही. त्या आठदहा सेकंदांत पिचर आपल्या जागेवर आली, पिच पडला, आणि प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेली. पुढच्या बॅटरचा सोपा झेल उडाला. सामना आम्ही ५-४ असा हरलो.

नंतर गाडीत सामान भरताना हेड कोचने मला एवढेच विचारले, "तुला दिसलं होतं का?" मी हो म्हणाले. "मग मला का नाही सांगितलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी अंपायरशी बोलू नये याचा अर्थ मी तिच्याशीही बोलू नये असा लावला होता. आपल्यातल्या अनेकांच्या मनात हाच गोंधळ आहे असे मला गेल्या काही वर्षांत दिसले आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आता या व्यवस्थेची थोडी माहिती देते. हायस्कूलच्या खेळांचे नियम तयार करणारी राष्ट्रीय संघटना, जिला इथे सगळे एनएफएचएस म्हणतात, १९२० साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. पन्नास राज्यांच्या आणि राजधानी वॉशिंग्टनच्या हायस्कूल क्रीडा संघटना तिच्या सदस्य आहेत. नियमपुस्तक ती काढते. प्रत्यक्ष अंमलबजावणी, शिस्तीचे तपशील, निलंबन किती सामन्यांचे, प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्धची अधिकृत तक्रार, स्वीकारायचा की नाही, हे सगळे राज्याच्या संघटनेच्या हाती असते. त्यामुळे टेक्सासमधल्या मावसबहिणीने सांगितलेली रीत न्यू जर्सीत चालेलच असे नाही. उन्हाळ्यात क्लबच्या स्पर्धांत आपण जे करतो ते तर निराळ्याच नियमपुस्तकाखाली असते, आणि माझ्या पाहण्यात निम्मे गैरसमज तिथूनच येतात.

हायस्कूल बेसबॉलच्या पुस्तकात या विषयावर फार स्पष्ट तरतूद आहे. हेड कोच नसलेला कोणीही कोच अंपायरच्या नजरेच्या निकालावर वाद घालण्यासाठी डगआउट किंवा कोचचा चौकोन सोडून निघाला, तर त्याच्याबरोबर हेड कोचलाही उरलेला सामना डगआउटमध्येच बसून काढावा लागतो. असिस्टंटने टाकलेल्या चार पावलांसाठी हेड कोचलाही शिक्षा भोगावी लागते, हे लक्षात घ्या. सॉफ्टबॉलच्या मैदानावरही अंपायर याच धर्तीवर वागताना मी पाहिले आहेत: असिस्टंट बोलला की ते हेड कोचकडे जातात, तोंडी किंवा लेखी ताकीद देतात, मग डगआउटपुरते बांधून ठेवतात आणि प्रकरण वाढले तर मैदानाबाहेर काढतात. हे कोणाला अपमानकारक वाटू शकते, मलाही पहिल्यांदा वाटले होते. आपण कोच असताना आपल्याशी न बोलता तो दुसऱ्या बाईकडे का गेला, असे मनात आले. आज मला ते योग्य वाटते. सामन्याआधी घरच्या बेसवर जी बैठक होते तिथे संघाची यादी देणारी, खेळाडूंचे साहित्य नियमाप्रमाणे आहे याची हमी देणारी आणि संघाच्या वागणुकीची जबाबदारी घेणारी व्यक्ती हेड कोच असते. ज्याने जबाबदारी घेतली त्याच्याशीच हिशेब करायचा, ही रीत कोणत्याही कार्यालयात आपण मान्य करतो.

निकालाचे दोन प्रकार मनात पक्के वेगळे ठेवले पाहिजेत. पिच स्ट्राइक होता की बॉल, धावपटू बाद की सुरक्षित, फटका रेषेच्या आत की बाहेर, हे अंपायरच्या नजरेचे निकाल आहेत, ते अंतिम असतात आणि त्यांवर वाद घालण्याचा अधिकार हेड कोचलाही नाही. नियम चुकीचा लावला गेला असे वाटण्यास सबळ कारण असेल तर हेड कोच टाइम मागून, ज्या अंपायरने निकाल दिला त्याच्याचकडे जाऊन, विचारणा करू शकते. इथे प्रश्नाची शब्दरचना फार महत्त्वाची ठरते. "ती सेकंडच्या पुढे होती" असे म्हटले की आपण त्याच्या नजरेशी भांडतो. "दोन बेस तुम्ही कुठून मोजलेत?" असे विचारले की आपण नियमाचा प्रश्न विचारतो, आणि अंपायर स्वतःच थांबून आठवू लागतो. त्या दिवशी हे एक वाक्य मला माहीत असते, आणि ते मी आमच्या हेड कोचच्या कानावर घातले असते, तर पुढे काय झाले असते ते कोणी सांगू शकत नाही. पण प्रश्न तरी विचारला गेला असता.

काही निकाल असे असतात की ते नजरेचे असूनही अंपायर आपल्या सहकाऱ्याची मदत घेऊ शकतो. फर्स्टवरच्या खेळाडूचा पाय बेसवरून सुटला होता का, बॅटरने बॅट थोपवली की पूर्ण फिरवली, टॅग करताना चेंडू हातमोज्यातून पडला का, ही नेहमीची उदाहरणे. इथेही हेड कोचने निकाल देणाऱ्या अंपायरला विनंती करायची असते की तुम्ही सहकाऱ्याला विचाराल का. विचारायचे की नाही ते त्याने ठरवायचे. फर्स्ट बेसच्या चौकोनातून तो पाय आपल्याला सर्वांत जवळून दिसतो, त्यामुळे असिस्टंटला मोह होतो की प्लेट अंपायरला हाक मारून तूच सांग असे म्हणावे. हे कधीही करू नये. एका अंपायरचा निकाल डावलून दुसऱ्याकडे जाणे हा त्या दोघांचाही अवमान समजला जातो, आणि त्यानंतर मदत मिळण्याची उरलीसुरली शक्यताही जाते. खालच्या वर्गांच्या संघांच्या सामन्याला कित्येकदा एकच अंपायर असतो आणि तो घरच्या बेसमागून फर्स्टचा निकाल देतो. तिथे आपल्याला खरोखरच त्याच्यापेक्षा चांगले दिसलेले असते. तरीही मदत मागायला दुसरा कोणी नसल्यामुळे तो विषय तिथेच संपतो, आणि हे मनाला फार लागते, हे मी अनुभवाने सांगते.

मग असिस्टंटने बोलायचे तरी केव्हा? बरेच प्रसंग आहेत, आणि काही नवे असिस्टंट घाबरून या प्रसंगीही गप्प राहतात याचे मला वाईट वाटते. बेसजवळ उभे असताना बाद किती झाले, काउंट, म्हणजे बॅटरचे बॉल आणि स्ट्राइक, काय आहे, हे अंपायरशी ताडून पाहण्यात काहीच गैर नाही. चांगले बेस अंपायर स्वतःहून बोटांनी खूण करून दाखवतात. खेळ थांबलेला असताना धावपटूच्या बुटाची नाडी बांधायला टाइम मागता येतो. बेस जागेवरून सरकला, मैदानात दुसरा चेंडू आला, कुंपणाचे दार उघडे राहिले, हे सांगणे तर आपले कामच आहे. खेळाडू बदलायचा असेल आणि हेड कोचने ते काम आपल्याकडे दिले असेल तर प्लेट अंपायरकडे जाऊन कोण बाहेर, कोण आत आणि फलंदाजीच्या कोणत्या क्रमांकावर, एवढे नीट सांगावे. डेझिग्नेटेड प्लेअर आणि फ्लेक्स (पहिली जिच्याऐवजी फलंदाजी करते ती दुसरी) यांच्या अदलाबदलीत तर शब्द मोजूनमापूनच वापरावे लागतात, कारण आपण जे सांगू ते तो आपल्या यादीवर लिहितो आणि पुढचा सारा हिशेब त्यावर चालतो. ते सांगून झाले की वळून परत यावे. यादी हातात आहे तेवढ्यात मागच्या इनिंगमधल्या स्ट्राइकविषयी एक वाक्य बोलून घेणे हा त्या परवानगीचा गैरवापर आहे, आणि प्रत्येक अंपायर तो ओळखतो.

अपील ही थोडी नाजूक बाब आहे. धावपटूने बेसला पाय लावला नाही, झेल घेतला जाण्याआधी बेस सोडला, बॅटर क्रम चुकवून खेळायला आली, असे काही झाले तर अंपायर स्वतःहून काही बोलत नाही. अपील झाल्यावरच निकाल देतो. सर्व धावपटू थांबल्यावर आणि टाइम मिळाल्यावर कोच किंवा क्षेत्ररक्षण करणारी कोणतीही खेळाडू तोंडी अपील करू शकते, मात्र पुढचा पिच पडण्याआधी. इथे असिस्टंट बोलला तर चालते का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझे उत्तर असे आहे की हे काम मुलींना शिकवा. कॅचरने किंवा शॉर्टस्टॉपने टाइम मागून, "अंपायर, थर्डवरची धावपटू झेलाआधी निघाली," असे स्वच्छ आवाजात सांगितले की कोणाच्या अधिकाराचा प्रश्नच उरत नाही. पंधरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसासमोर उभी राहून नियमाच्या आधारे आपले म्हणणे मांडते, हे पाहण्यासारखे सुख या खेळात दुसरे नाही.

दुखापतीच्या बाबतीत मात्र सगळी बंधने बाजूला ठेवा. टक्कर झाल्यावर मुलगी गोंधळल्यासारखी दिसते, चालताना झोक जातो, डोके धरते, उत्तर द्यायला वेळ लावते, असे काही दिसले की तत्काळ अंपायरला सांगा. डोक्याला मार बसल्याची लक्षणे दिसणाऱ्या खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचे नाही, असा नियम आहे. त्या एप्रिलच्या सामन्यात मुलगी पडली तेव्हा मी जे करायला हवे होते ते हेच. पडलेल्या मुलीकडे जाण्याऐवजी मी बेसच्या हिशेबासाठी अंपायरकडे गेले याची मला आजही लाज वाटते. गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली तरी तसेच. खेळ थांबवायचा, सगळ्यांना सुरक्षित जागी न्यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर किंवा विजेनंतर ३० मिनिटे थांबायचे. पिचकडे लक्ष लावून बसलेल्या अंपायरच्या आधी ती वीज डगआउटमधल्या असिस्टंटला दिसलेली असू शकते.

आणखी एक प्रसंग येतो ज्याची कोणी तयारी करत नाही. हेड कोच आजारी पडते, तिला यायला उशीर होतो, किंवा दुर्दैवाने तिला मैदानाबाहेर काढले जाते. त्या क्षणापासून जिला संघाची सूत्रे मिळतात ती असिस्टंट अंपायरच्या दृष्टीने हेड कोच असते आणि आतापर्यंत जे बोलायची तिला मुभा नव्हती ते बोलण्याची जबाबदारी तिच्यावर येते. म्हणून गप्प राहण्याच्या नावाखाली नियमांचा अभ्यास सोडू नका.

सामन्यानंतरही जपून राहा. अंपायरचा अधिकार ते मैदानात आल्यापासून मैदान सोडेपर्यंत चालू असतो. शेवटचा गडी बाद झाला की आता आपण फक्त पालक आहोत, असे समजून गाडीकडे निघालेल्या अंपायरला गाठणारे असिस्टंट मी पाहिले आहेत. आपल्या लोकांना वाटते की आपण सभ्यपणे बोलत आहोत, पण दिवसभराचे आपले काम संपवून संध्याकाळी दोन-तीन तास उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या माणसाला वाहनतळात अडवणे सभ्य नव्हे. २०१८-१९ च्या हंगामानंतरच्या काही वर्षांत देशभरात सुमारे ५०,००० जणांनी हायस्कूल खेळांचे अंपायर आणि पंच म्हणून काम करणे सोडले, असे एनएफएचएसनेच जाहीर केले होते. करोना हे त्याचे एक कारण होते; कोच आणि पालकांची वागणूक हे दुसरे, आणि ते आपल्या हातात आहे. अंपायर न मिळाल्यामुळे पुढे ढकललेला सामना तुमच्या मुलीनेही एखादेवेळी अनुभवला असेल.

हेड कोचच्या जागी असलेल्या मराठी मंडळींनाही एक विनंती आहे. असिस्टंटला "तू बोलू नकोस" एवढेच सांगून सोडू नका. त्याला जे दिसते ते तुमच्यापर्यंत पोहोचण्याची वाट करून द्या. आमच्या हेड कोचने त्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी सरावाआधी मला बोलावून खूण ठरवली: मी टोपीच्या काठाला दोनदा हात लावला की याचा अर्थ, पिच पडू देऊ नका, टाइम मागा, मला तुम्हाला काही सांगायचे आहे. ती टाइम मागते, आम्ही दोघी मध्ये भेटतो, मी एक वाक्य सांगते, आणि जायचे की नाही ते ती ठरवते. गेल्या हंगामात मी ती खूण सात वेळा केली. चार वेळा तिने माझे ऐकून घेतले आणि मान हलवून आपल्या जागेवर परतली. तीन वेळा ती अंपायरकडे गेली, त्यातल्या दोन वेळा निकाल बदलला. मी चौकोनातच उभी होते.

हंगाम सुरू होण्याआधी आपल्या हेड कोचबरोबर दहा मिनिटे बसा. खेळाडूंचे बदल कोण कळवणार, क्षेत्ररक्षण चालू असताना डगआउटमधून टाइम कोण मागणार, हेड कोच नसेल तर सूत्रे कोणाकडे, आणि आपली खूण कोणती, हे विचारून घ्या. आपल्या राज्याच्या संघटनेचे या वर्षीचे निर्देश तिच्याकडून मागून वाचा. पहिल्या सामन्याला बेस अंपायर आपल्या जागेवर येऊन उभा राहिला की त्याला नमस्कार करा, आपले नाव सांगा आणि आपण असिस्टंट आहोत हेही सांगा. तो ते लक्षात ठेवतो.

आपली,
फर्स्ट बेसच्या चौकोनात उभी राहणारी एक असिस्टंट कोच